सदर पुतण्या

कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "जिवंत की मयत?"

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी असा प्रश्न एकदम अंगावर आला की माणूस दचकतो. मी म्हटलं, "आहे अजून."

"तुमचं नाही विचारलं. ज्याचं प्रकरण हवंय त्याचं."

"मयत. माझे काका. सव्वीस वर्षं झाली. सगळे त्यांना तात्या म्हणायचे."

"तात्या अशी नोंद नसते." बाईंनी पान उलटलं. "मयताचं नाव, मृत्यूचं साल, अर्जदाराचं नाव, अर्जाचं साल, प्रकरण क्रमांक. यातलं काय काय आहे?"

"पहिल्या दोन गोष्टी आहेत."

"बसा मग," असं म्हणून त्यांनी पेनचं टोक समोरच्या भिंतीकडे केलं. मला जी भिंत वाटली होती ती भिंत नव्हती. त्या नोंदवह्या होत्या.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी आयुष्यभर चढलो नव्हतो, त्यामुळे या एका बाबतीत तरी माझी गणना शहाण्यांत होत असे. तीही गेली. कारण होतं एक सही.

त्याचं असं झालं. माझा चुलतभाऊ, म्हणजे तात्यांचा एकुलता एक मुलगा, एके दिवशी सकाळी माझ्याकडे आला. आम्ही त्याला इंजिनियर म्हणतो. तो इंजिनियर आहेच, पण नसता तरी म्हटलं असतं. कारण तो तुमच्याशी बोलत असला तरी तुमच्या मागच्या भिंतीची जाडी मोजतोय असं वाटत राहतं. त्याने दोन पानी कागद पुढे केला आणि म्हणाला, "दादा, वाच आणि सही कर."

आता धाकट्या भावाने आणलेला कागद वाचून सही करायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखंच. शिवाय पाणीपुरवठा खात्यात मी पस्तीस वर्षं सह्या केल्या. त्या सगळ्या वाचून केल्या असत्या तर गावाला अजून पाणी आलं नसतं. मी मोठ्या मनाने सही केली. खाली आडवी रेघ ओढली, रेघेखाली दोन टिंबंही दिली. टिंबं मी फक्त नात्यातल्या कागदांवर देतो.

त्या कागदात मी असं लिहून दिलं होतं की, तात्यांच्या घराच्या खालच्या तीन खोल्यांत राहणारी आमची आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, तीस तारखेपर्यंत त्या खोल्या रिकाम्या करील आणि पुढे माझ्याकडे राहील. घर पाडून तिथे नवी इमारत उठणार होती. आत्या आमच्याकडे राहायला येणार ही बातमी मला, माझ्या बायकोला आणि आत्याला एकाच दिवशी कळली.

तिघांत सगळ्यांत कमी धक्का आत्याला बसला. "मी कुठे जात नाही," एवढंच ती म्हणाली आणि टाइपरायटर पुसायला लागली.

आत्याच्या पुढच्या खोलीत आठ टाइपरायटर आहेत. चाळीस वर्षं तिने तिथे टायपिंगचा क्लास चालवला. अर्ध्या गावाची बोटं तिच्या नजरेखालून गेली आहेत. आता शिकायला कोणी येत नाही. पण रोज सकाळी ती आठही यंत्रं पुसते, प्रत्येकावर एकेक ओळ टाइप करते आणि त्यांना पुन्हा झाकून ठेवते. एकटीने राहते, एकटीने स्वयंपाक करते आणि भेटायला गेलेल्या प्रत्येकाला "पाठ सरळ" असं सांगते. त्या खोल्यांतून तिला काढायचं म्हणजे झाड काढून कुंडीत लावण्यासारखं होतं. आणि कुंडी आमची.

आमची ही म्हणाली, "आत्यांचं मला काही नाही. त्या मावतील. पण ते आठ टाइपरायटर कुठे ठेवायचे? तुमच्या डोक्यावर ठेवू? तिथे रिकामी जागा आहे."

मी इंजिनियरकडे गेलो. म्हटलं, "अरे, आत्याला तिथे राहायला तात्यांनीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, दादा. लिहिलं होतं का?" तो शांतपणे म्हणाला. "तात्यांनी लिहिलेला कागद आण. मी एक शब्द बोलणार नाही, इमारत विसरून जाईन. नसेल तर तीस तारीख. तू सही दिली आहेस."

"मी वाचली नव्हती रे!"

"मी 'वाच' म्हटलं होतं."

हे त्याचं खरं होतं. त्याचं नेहमीच खरं असतं, म्हणून तर तो नातेवाइकांत फारसा कोणाला आवडत नाही.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "लिहिलंय. तात्या स्वतः मला म्हणाले होते, 'तुझं लिहून ठेवलंय, आणि माझ्यामागे ते कोर्टातून पक्कं होईल अशी सोय केली आहे.' कागद मात्र मी पाहिला नाही. भाऊ बोलला ते पुरे होतं."

त्या दिवशी तारीख होती आठ.

आमच्या शेजारी एक होमिओपॅथीचे डॉक्टर राहतात. ते सल्ला औषधासारखाच देतात: थोडा थोडा, दिवसातून चार वेळा. गुण आला नाही तर म्हणतात, तुम्ही मध्ये कांदा खाल्ला असेल. जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"याला प्रोबेट म्हणतात," ते म्हणाले. "माणसाने मृत्युपत्र लिहिलं, तर ते त्यानेच लिहिलंय असं कोर्टाने मान्य करायचं. म्हणजे आपण जिवंतपणी जे बोलतो ते घरात कोणी मान्य करत नाही, पण मेल्यावर न्यायाधीश करतो. मोठी सोय आहे."

"मग मी काय करू?"

"सरळ जा. नम्र राहा. पण फार नम्र राहू नका, तिथे नम्र माणसाला बसवून ठेवतात. जरा आवाज चढवा. पण फार चढवू नका, बाहेर काढतात. भिंग न्या, नाकाला रुमाल न्या, बसायला उशी न्या. आणि आपला हेतू शेवटपर्यंत कोणाला सांगू नका."

"डॉक्टर, तुम्ही किती वेळा गेला आहात कोर्टात?"

"छे! आपण कधी पायरी चढलो नाही."

मी भिंग, रुमाल आणि उशी घेऊन गेलो. उशीमुळे शिपायाने मला मुक्कामाला आलेला माणूस समजून दाराशीच अडवलं, ते एक सोडा.

नोंदवही म्हणजे काय चीज असते हे बाहेरच्या माणसाला सांगून समजणार नाही. ती मांडीवर घेतली तर मांडीला मुंग्या येतात आणि टेबलावर ठेवली तर टेबल बसतं. मी तात्या गेले त्या सालाची वही काढली आणि तात्यांचं नाव शोधू लागलो. अक्षर असं होतं की ते लिहिणाऱ्यालाही कोणीतरी मागून ढकलत असावं. प्रोबेटच्या प्रकरणात बहुतेक वेळा अर्जदार असतो आणि विरुद्ध बाजूला कोणीच नसतं. इतकी सुखाची परिस्थिती मी घरात कधी अनुभवली नव्हती. त्यामुळे वाचताना मन रमलं. पहिल्या दिवशी तात्या सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढच्या सालाची वही काढली, त्यातही नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिली वही उशीवर ठेवून वाचत होतो, तेव्हा काळा कोट घातलेले एक वकील घाईघाईने आले आणि त्यांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी टाकली.

"साहेब, एवढं प्रकरण जरा लवकर काढून ठेवा."

मी म्हणायला हवं होतं की मी इथला नाही. पण पस्तीस वर्षांची सवय वाईट. तोंडून निघून गेलं, "उद्या या."

"बरं साहेब," म्हणून ते गेले. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. मी उशीवर जरा सरसावून बसलो.

दुसऱ्या दिवशी तेच वकील आले. चिठ्ठीचं काय झालं ते त्यांनी विचारलंच नाही. एक वही उघडून म्हणाले, "साहेब, इथे फक्त सही." मी केली. टिंबं दिली नाहीत, कारण ते नात्यातले नव्हते.

अर्ध्या तासाने बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चार दिवसांत त्यांना उभं राहिलेलं मी प्रथमच पाहत होतो.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"त्यांनी प्रकरण जमा केलं आणि ते आम्हाला मिळालं असं तुम्ही लिहून दिलंय. प्रकरण कुठे आहे?"

मी टेबलाखाली पाहिलं. ते तिथे नव्हतं. ते कुठेच नव्हतं. शेवटी ते वकिलांच्या स्वतःच्या टेबलावर सापडलं, पण तोपर्यंत सगळ्या गठ्ठ्यांत शोधून झालं होतं. त्या शोधात मी एक गठ्ठा खेचला, त्याच्यावरचे अकरा गठ्ठे माझ्याबरोबर खाली आले आणि त्यांच्या फिती सुटून वीस वर्षांतले मयत एकमेकांत मिसळले. ते सालवार लावायला मला दुपार लागली. बाई खुर्चीत बसून बघत होत्या.

"कोणत्या सालात शोधताय हो तुम्ही?" अखेर त्यांनी विचारलं.

"तात्या गेले त्या सालात."

"तसं नसतं. माणूस मेला म्हणून कोर्टाला कळतं का? कोणीतरी अर्ज करतो तेव्हा कळतं. तो कोणी दुसऱ्या वर्षी करतो, कोणी दहाव्या. आणि या वह्या मयताच्या नावाने नाहीत, अर्जदाराच्या नावाने आहेत. मेलेला माणूस अर्ज करतो का?"

"हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर—"

"पहिल्याच दिवशी विचारलं, अर्जदाराचं नाव. तुम्ही म्हणालात, नाही. मला वाटलं, तुम्हाला बसायलाच आवडतं."

त्या दिवशी तारीख होती तेरा.

मग मी अर्जदार शोधायला लागलो. नात्यातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला विचारलं, "तात्यांच्या मृत्युपत्रासाठी कोर्टात तुम्ही अर्ज केला होता का?" जो तो आधी "नाही" म्हणाला आणि मग दुखावला. तात्यांनी आपल्यावर हे काम सोपवलं नाही, हे त्यांना सव्वीस वर्षांनी माझ्याकडून कळत होतं. दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एका मावसकाकांनी तर तात्यांशीच बोलणं टाकलं.

मी डोकं धरून आत्याकडे जाऊन बसलो.

"पाठ सरळ," आत्या म्हणाली. "मला सांग, तात्यांचा विश्वास कोणावर होता?"

"कोणावरच नाही."

"घरातल्या कोणावर नाही. पण विजारीचं माप द्यायला ते एकाच माणसाकडे जायचे. त्याने सांगितलेली कंबर ते मान्य करायचे. तात्यांनी जगात दुसऱ्या कोणाची कुठलीही गोष्ट मान्य केल्याचं मला तरी आठवत नाही."

मी तिथून उठलो तो थेट नाक्यावरच्या शिंप्याकडे. त्याला आम्ही सगळे मास्तर म्हणतो. त्याचं दुकान आत्याच्या घरापासून चाळीस पावलांवर आहे आणि मी दिवाणखान्याच्या पडद्यापासून पायजम्याच्या नाडीपर्यंत सगळ्या कामांना त्याच्याकडेच जातो. तो मशीनवर वाकलेला होता.

"मास्तर, तात्यांच्या मृत्युपत्राचा अर्ज तुम्ही केला होता का?"

मशीन थांबलं. मास्तरांनी दातांतली सुई काढून उशीला टोचली.

"केला होता."

"अहो, मग आजवर बोलला का नाहीत?"

"तुम्ही दर महिन्याला विजार सैल करायला येता. मी सैल करून देतो. तुम्ही मृत्युपत्र कधी विचारलंत?" मग त्यांचा आवाज खाली आला. "खरं सांगू का? तात्यांनी कागद माझ्या हवाली केला होता. म्हणाले, 'मास्तर, घरातल्यांना देत नाही, ते त्याचं काहीतरी करतील.' मी कोर्टात चार खेपा घातल्या. शिक्क्याचा कागद मिळाला. आणि दुसऱ्या वर्षी दुकानातला पाइप फुटला. सगळं कपाट पाण्यात. कागदाचा लगदा झाला. कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हापासून आत्याबाईंचा कपडा आला की बाकीची कामं बाजूला ठेवतो. दुसरं काय करणार?"

पाणीपुरवठा खात्याचा तो पाइप. मी तेव्हा नोकरीत होतो. मी विषय वाढवला नाही.

"नंबर काही आठवतो का?"

"आठवायला कशाला लागतो?" मास्तरांनी फळीवरून एक जुनी वही काढली. "मापाची वही मी घरी नेतो. ती वाचली." त्यांनी थुंकी न लावता, हलक्या हाताने पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथे तात्या होते. उंची, छाती, कंबर, मांडी, घोटा. आणि घोट्याच्या खाली, त्याच अक्षरात, प्रोबेट अर्ज क्रमांक आणि साल. तात्या गेल्यानंतरचं तिसरं साल.

"महत्त्वाचा आकडा असला की मी गिऱ्हाइकाच्या मापाखालीच लिहितो," मास्तर म्हणाले. "हरवत नाही."

मी तो नंबर घेऊन दुसऱ्या दिवशी विजयी मुद्रेने रेकॉर्ड रूममध्ये शिरलो. बाईंनी आकडा पाहिला आणि नवा प्रश्न टाकला, "तुमचा संबंध काय?"

"पुतण्या."

"मयताला मुलगा आहे ना? मग तुम्ही वारस नाही. मृत्युपत्रात तुमचं नाव आहे का?"

"ते वाचल्याशिवाय कसं सांगू?"

"आणि नाव असल्याशिवाय वाचायला कसं देऊ?"

बाईंच्या चेहऱ्यावर कुठलाच दुष्टावा नव्हता. रस्त्याच्या शेवटी भिंत असते तशी ती एक साधी वस्तुस्थिती होती.

"लेखी अर्ज द्या," त्या म्हणाल्या. "साहेबांपुढे ठेवते. महिना लागेल."

महिना नव्हता. मी आत्याकडे गेलो. तिने झाकण काढलं, कागद चढवला आणि मी सांगायला लागण्याआधीच, माझ्या सहीच्या हकीकतीसकट, अर्ज टाइप करून काढला. तो मी नेऊन बाईंसमोर ठेवला. बाईंनी तो वाचला नाही. त्यांनी आधी डावा समास पाहिला, मग उजवा पाहिला, मग कागद उचलून उजेडासमोर धरला.

"हा कोणी टाइप केला?"

"आमच्या आत्याने. ती त्याच खोल्यांत—"

"टायपिंगबाई?" बाई ताठ बसल्या. त्यांची पाठ एकदम सरळ झाली. "बाई अजून आहेत? तिथेच आहेत? मी सकाळी सातच्या बॅचला होते. खिडकीजवळचं तिसरं मशीन. माझी करंगळी कच्ची होती, बाईंनी दोन महिने नुसती करंगळी करून घेतली." त्यांनी पुन्हा अर्ज पाहिला. "त्यांना काढताहेत तिथून?"

"तीस तारखेला."

चार दिवस मी नम्र राहून पाहिलं होतं, आवाज चढवून पाहिला होता, अकरा गठ्ठे अंगावर घेतले होते. काही उपयोग झाला नव्हता. उपयोग झाला तो दीड इंचाच्या समासाचा. बाई आत गेल्या, हातात एक पिवळा पडलेला गठ्ठा घेऊन आल्या आणि मला दिसणार नाही अशा कोनात धरून वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.

"तुमचा उल्लेख आहे," त्या म्हणाल्या. "एकदा नाही, चांगला तीन-चारदा आहे. तुम्ही हितसंबंधी ठरता. आज साहेबांची सही घेते. परवा नक्कल मिळेल."

त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. मी त्याला आदर समजलो.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. तात्यांनी मला तीन-चारदा आठवलं होतं! डॉक्टरांनी जिन्यात माझा हात हातात घेऊन हलवला. म्हणाले, "एकदा उल्लेख म्हणजे घड्याळ किंवा काठी. तीन-चारदा म्हणजे स्थावर. कोणाला बोलू नका." आणि संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या सगळ्यांना त्यांनीच सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बाई, ज्या मला एरवी नळ सोडला की शिव्या देतात, त्या "या ना" म्हणाल्या.

ही मात्र भाजी चिरत म्हणाली, "तात्या तुम्हाला चांगले ओळखत होते ना?"

"लहानपणापासून!"

"तेच म्हणते मी," असं म्हणून तिने पुढची भाजी घेतली.

नक्कल मिळाली. मी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो, भिंग काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पहिली तीन कलमं घर, भांडी आणि छत्र्यांबद्दल होती. चौथं असं होतं:

"घराच्या खालच्या तीन खोल्यांत माझी बहीण ती हयात असेतोवर राहील. तिला तेथून हलविण्याचा अधिकार कोणासही नाही. तिची काळजी मी माझ्या मुलावर सोपवीत नाही, कारण तो हुशार आहे. माझ्या पुतण्यावरही सोपवीत नाही, कारण तो हुशार नाही. सदर पुतण्या पुढे येईल त्या कागदावर न वाचता सही करतो, हे मी त्याच्या लहानपणापासून पाहत आलो आहे. पुढेही कोणीतरी सदर पुतण्याकडून अशी सही घेईल याची मला खात्री आहे. सबब या खोल्यांविषयी सदर पुतण्याने केव्हाही, कोठेही आणि कोणाच्याही सांगण्यावरून केलेली सही रद्द व बिनमोल समजावी."

खाली तात्यांची सही, दोन साक्षीदार, न्यायालयाचा गोल शिक्का आणि न्यायाधीशांनी हे सर्व मान्य केल्याचा हुकूम.

मी भिंग खिशात टाकलं. मग उठून बाईंकडे गेलो.

"याची अर्धी नक्कल मिळेल का? 'अधिकार कोणासही नाही' इथपर्यंत?"

"नक्कल तुकड्यात मिळत नाही," बाई म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि इथपर्यंतचं दिलं तर तुमची सही उभी राहते. ती पाडणारं खालचंच आहे. बाईंना सांगा, मी येऊन जाईन." त्यांनी आणखी एक कागद माझ्या हातात ठेवला. "हाही त्याच प्रकरणातला आहे. असू द्या."

म्हणजे पर्याय असा होता: आत्याच्या खोल्या किंवा माझी अब्रू. मी घरी चालत गेलो. वाटेत, खोटं कशाला बोलू, दोनदा असा विचार आला की कागद मिळालाच नाही म्हणून सांगावं. मग आत्या माझ्याकडे येईल, रोज सकाळी मला पाठ सरळ करायला लावील, आणि आठ झाकलेल्या यंत्रांकडे बघत काही बोलणार नाही. ते काही न बोलणं मला सहन झालं नसतं.

एकोणतीस तारखेला इंजिनियर आत्याकडे आला. हातात मोजायची टेप होती. मास्तरही आले होते. ते दारातच उभे राहिले. आत्या खिडकीपाशी बसली होती. तिचे हात मांडीवर होते, आणि ते इतके स्थिर होते की मला तिच्याकडे बघवेना.

"कागद आहे," मी म्हटलं.

"वाच," इंजिनियर म्हणाला.

मी पहिली तीन कलमं सावकाश वाचली. छत्र्या तर फारच सावकाश वाचल्या. चौथं सुरू केलं, 'अधिकार कोणासही नाही' म्हणालो आणि खोकलो.

"ठीक आहे," इंजिनियर म्हणाला. "पण त्यानंतर तू सही दिलीस. आत्या जाईल असं तूच लिहून दिलंस. घरातला मोठा तू."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला. मग पुढचं वाचलं. सगळं, एकही शब्द न गाळता, 'बिनमोल समजावी' पर्यंत. माझा आवाज 'सदर पुतण्या' ला तीनही वेळा चिरकला.

इंजिनियरने कागद घेतला. दोनदा वाचला. भिंतीची जाडी मोजावी तसा त्या शिक्क्याकडे पाहत राहिला.

"यात मला हुशार म्हटलंय," तो हळूच म्हणाला.

"म्हणूनच सोपवलं नाही," आत्या म्हणाली.

"पण हे कोर्टात झालं आणि मला पत्ता नाही? मुलगा मी आहे. मला नोटीस यायला हवी होती!"

मग मी बाईंनी दिलेला दुसरा कागद काढला. तो परदेशी शिकत असताना त्याच्या तिथल्या पत्त्यावर गेलेली ती नोटीसच होती. मागे त्याच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: 'वाचले. माझी हरकत नाही.' आणि सही.

इंजिनियरने कागद उलटून सही पाहिली. "तेव्हा माझी परीक्षा चालू होती," तो म्हणाला.

"वाचलंस ना पण?" मी म्हटलं. तेवढं एकच वाक्य मला त्या महिन्यात नीट जमलं.

त्याने टेप खिशात टाकली. बोलल्याप्रमाणे पुढे एक शब्द बोलला नाही. जाताना मात्र आत्याला वाकून म्हणाला, "खिडकीचं दार बसतंय का नीट? मी माणूस पाठवतो." दारात मास्तर डोळे पुसत होते, आणि त्यांना ते दाखवायचं नसल्यामुळे माझ्या सदऱ्याची कॉलर उगाच नीट करत होते.

आत्याने तो कागद चौकटीत बसवून पुढच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर लावला. मी म्हटलं, "आत्या, आतल्या खोलीत लाव ना." ती म्हणाली, "आत लावून काय उपयोग? जो काढायला येईल तो पुढून येणार." तिच्या तर्कापुढे माझं चाललं नाही. कोणाला मूर्ख म्हणायचं तर लोकांना नुसतं तोंड लागतं. माझ्या बाबतीत न्यायालयाचा गोल शिक्का आहे, आणि तो शुक्रवारी काच पुसली की अधिकच ठळक दिसतो.

रेकॉर्ड रूमच्या बाई आता दर रविवारी सकाळी येतात आणि तिसऱ्या मशीनवर बसून करंगळी पक्की करतात. त्यांच्या मागोमाग कोर्टातल्या आणखी दोघीजणी यायला लागल्या आहेत. इंजिनियरही येतो. चौकटीखाली दोन खुर्च्या आहेत. एकीवर तो बसतो, एकीवर मी, आणि आम्ही चहा पितो. नवीन येणारा माणूस आधी भिंतीवरचं वाचतो, मग खाली आमच्या दोघांकडे बघतो. दोघांतला हुशार कोण, हे आजवर कोणालाही विचारावं लागलेलं नाही.